नजर कागदावर, हात झाकलेले

आदरणीय विहीणबाईंना,

साष्टांग नमस्कार, विनंती विशेष. (आमच्या टायपिंग क्लासात हा मायना चार आद्याक्षरांत उरकणाऱ्या मुलींना मी अख्खं पान पुन्हा टाईप करायला लावत असे. वाकायचं तर नीट वाकावं, निम्म्यात पाठ धरल्यासारखं थांबू नये. तेव्हा तुम्हालाही नमस्कार पुराच घ्यावा लागेल.) तुमचा गुडघा आता कसा आहे? जिना टाळता ना? व्याह्यांचा खोकला थांबला का, की अजून खिडकी उघडी टाकूनच झोपतात? त्यांना माझा निरोप द्या की मोकळी हवा छातीला चांगली असते हे खरं, पण ती छातीने मागितली तर. इकडे माझी तब्येत ठणठणीत आहे. डोळे, कान, दात, स्मरणशक्ती आणि आवाज, सगळं जागच्या जागी आहे. आवाज तर जरा जास्तच आहे असं तुमचे जावई म्हणतात, पण दिवसभर लिफ्टच्या खोल खड्ड्यात उतरून यंत्रं दुरुस्त करणाऱ्या माणसाला वरून मारलेली हाक ऐकायची सवय असते, त्याने घरात कुरकुर करू नये.

तुम्ही म्हणाल, फोन असताना पत्र कशाला? तर विहीणबाई, फोनवर आपण दोघी एकदम बोलतो आणि एकदमच गप्प बसतो, आणि मग दोघींनाही वाटतं की समोरचीने फोन ठेवला. पत्रात तुम्हाला मध्ये बोलता येत नाही, हा मला पत्राचा मोठा गुण वाटतो. शिवाय माझं यंत्र (टाईपरायटर म्हणजे आमच्यासाठी 'यंत्र', बाकी सगळी डबडी) बरेच दिवस नुसतं झाकून ठेवलं होतं. तेल घातलं, फीत बदलली, आणि बघा, कसं झरझर चाललंय. या पत्रात तुम्हाला एकही चूक सापडणार नाही. मी आयुष्यात चुकीचा कागद कोणाला दिलेला नाही. शोधायला बसू नका, उगाच मान दुखेल.

आता मुद्द्याचं. इथे सगळं उत्तम आहे. आपली नात गट्टू उत्तम आहे. (तुम्ही ठेवलेलं मोठं नाव आम्ही पाहुण्यांसमोर वापरतो. पण मांड्यांना इतक्या वळ्या पडलेल्या बाईला घरात गट्टूच म्हणावं लागतं.) तुमच्या लेकीने परवा तुम्हाला फोनवर रडत रडत जे सांगितलं, की मुलांच्या डॉक्टरीणबाईंनी गट्टूची नजर तपासून घ्यायला सांगितलंय, डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ ठरलीय, मूल वस्तूकडे बघतच नाही, वगैरे वगैरे, ते अजिबात मनावर घेऊ नका. गट्टूच्या डोळ्यांना काहीही झालेलं नाही. हे मी तुम्हाला छातीठोक सांगते, आणि कशाच्या जोरावर सांगते ते पुढे येईलच. तेव्हा तुम्ही दुखरा गुडघा घेऊन इकडे येण्याची मुळीच गरज नाही. मी समर्थ आहे.

झालं असं की सूनबाई पुन्हा नोकरीवर जायला लागली (ते उत्तमच झालं, नकाशे काढणारा इतका सुरेख हात घरात डबे घासत बसला असता तर मीच भांडले असते) आणि गट्टू दिवसभर माझ्या ताब्यात आली. आता मूल हातात आलं की बाकीच्या आज्या त्याचं नाक बघतात, रंग बघतात, कोणावर गेलंय ते बघतात. मी बोटं बघते. हयात गेली माझी बोटं बघण्यात. औषधाच्या दुकानावरच्या आमच्या क्लासात रस्त्यातली निम्मी पोरं-पोरी माझ्या हाताखालून गेली, आणि दारातून आत येणाऱ्या पोराचा हात बघून मी सांगत असे की याची करंगळी आळशी आहे. तर गट्टूचा हात बघते तो काय! समोर बिस्किटाचा तुकडा ठेवला की बाई अख्खा पंजा उगारायची, टेबलावरून खराट्यासारखा फिरवायची आणि जे काही मुठीत सापडेल ते तोंडात कोंबायची. अंगठा एकीकडे, तर्जनी दुसरीकडे, बाकीची बोटं नुसती गर्दी करायला आलेली. मला बघवेना. माझ्या घरात, माझ्या नातीने, पंजाने काम करावं?

तुम्ही बालवाडी चालवलीत, मला ठाऊक आहे. बारशाच्या गडबडीत तुम्ही मला बाजूला घेऊन सांगितलं होतंत की मुलाला बघू द्यावं, धरू द्यावं, पाडू द्यावं, तोंडात घालू द्यावं, ते आपोआप शिकतं. मी मान डोलावली होती. (मनात म्हटलं होतं, आपोआप शिकतं तर मग बालवाडी कशाला चालवली?) आपोआप या शब्दावर माझा विश्वास नाही. आपोआप माणूस दोन बोटांनी टाईप करायला शिकतो आणि जन्मभर दोनच बोटांनी करतो. म्हणून मी पद्धतशीर शिकवायचं ठरवलं, आणि माझ्याकडे जी पद्धत होती ती लावली. ती कोणती, हे तुम्ही आमचा क्लास बघितला नसल्यामुळे सांगायला हवं. आमच्याकडे प्रत्येक यंत्राला पुढून एक काळं कापड शिवलेलं असे, ॲप्रनसारखं. त्याचं एक टोक यंत्राला आणि दुसरं विद्यार्थ्याच्या गळ्यात. हात त्या कापडाखाली. समोर स्टँडवर नक्कल करायचा कागद. पोरगं चोरून हाताकडे बघायला गेलं की मी मागून त्याची हनुवटी बोटाने वर उचलायची आणि म्हणायची, नजर कागदावर! एवढं एक वाक्य मी जन्मभर म्हणत आले. हाताकडे बघणारा कधी टायपिस्ट होत नाही हो. बोटांनी आपली जागा आपण ओळखली पाहिजे.

तर मी ट्रंकेतून एक जुना ॲप्रन काढला, धुतला, उन्हात वाळवला (स्वच्छतेत मी कमी पडत नाही), आणि गट्टूला तिच्या उंच खुर्चीत बसवून त्याचं एक टोक तिच्या गळ्यात आणि दुसरं खुर्चीच्या फळीला बांधलं. कापडाखाली फळीवर एकेक वस्तू ठेवली: दोऱ्याचं रिकामं रीळ, लाकडी चमचा, दात येतानाचं रबरी कडं. आणि समोर माझा तो जुना स्टँड, त्यावर बदकाचं चित्र. गट्टूने खाली बघितलं की हनुवटी वर! बदक बघायचं, आणि हाताने खाली चाचपून वस्तू शोधायची. सापडली की मी टाळ्या वाजवून शाब्बास म्हणायची आणि तिला उचलून घ्यायची. विहीणबाई, काय सांगू, काय बुद्धी आहे पोरीची! काही दिवसांतच ती बदकाकडे अशी एकटक बघत बसायची की क्लासातल्या पहिल्या रांगेतल्या मुलींना लाज वाटावी, आणि खाली हाताने रीळ अचूक हुडकून काढायची. पुढे पुढे ॲप्रनही लागेना. मी वस्तू पुढे ठेवली की हनुवटी आपसूक वर. मला धन्य वाटायचं. सूनबाई घरी यायच्या आत मी स्टँड आवरून ठेवत असे, कारण मला सगळ्यांना एकदमच चकित करायचं होतं.

आणि मी केलं. मुलांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेहमीची तपासणी होती. सूनबाई अर्धी रजा टाकून आली होती, गट्टू तिच्या मांडीवर, मी शेजारच्या खुर्चीत, पाठ ताठ. डॉक्टरीणबाईंनी वजन केलं, छाती तपासली, सगळं छान छान म्हणाल्या आणि मग टेबलावर एक लाल ठोकळा ठेवला. गट्टूने काय करावं? लाल ठोकळ्याकडे ढुंकूनही बघितलं नाही. हनुवटी वर केली, बदक शोधलं, बदक नव्हतं, तेव्हा भिंतीवरच्या कॅलेंडरातल्या औषधाच्या बाटलीवर नजर रोखली आणि दोन्ही हातांनी टेबल चाचपायला लागली. डॉक्टरीणबाईंनी ठोकळा उजवीकडे नेला, डावीकडे नेला, डोळ्यांसमोर हलवला. ठोकळा पुढे यावा आणि हिने हनुवटी आणखी वर करावी. आणि मग गट्टूच्या हाताला तो ठोकळा लागला, आणि तिने तो घट्ट धरून, कॅलेंडरावरची नजर जराही न हलवता, माझ्या दिशेने वर केला. शाब्बासकीसाठी. मी टाळ्या वाजवल्या नाहीत.

डॉक्टरीणबाई अगदी सौम्यपणे बोलल्या. घाबरायचं कारण नाही, पण हात आणि डोळे जोडीने काम करताना दिसत नाहीत, या वयाला मूल आधी बघतं आणि मग हात पुढे करतं, तेव्हा एकदा डोळे नीट तपासून घेऊ. सूनबाई हो म्हणाली. काय काय प्रश्न विचारायचे असतात ते सगळे तिने विचारले, आवाज न बदलता. रस्त्यात मात्र तिने गट्टूला अशी छातीशी धरली होती की समोरून येणारी माणसं बाजूला होत होती. मी मागून पिशवी घेऊन चालत होते. तेव्हाच मी सांगायला हवं होतं का? असेल. पण रस्त्यात गर्दी होती. (घरी पोचल्यावर गर्दी नव्हती, हे मी मान्य करते, पण तोवर तिने स्वतःला खोलीत कोंडून घेतलं होतं.) आणि मुळात डॉक्टरीणबाईंचा गैरसमज झाला होता. पद्धत चुकीची नव्हती हो. विद्यार्थिनी जरा लवकर दाखल झाली, इतकंच.

घरी आल्यावर मी ॲप्रन ट्रंकेच्या तळाशी घातला आणि लगेच दुसरी पद्धत सुरू केली. मी काही रडत बसणाऱ्यातली नाही. जे शिकवता येतं ते पुसताही येतं, आणि पुसायचं काम तर मी क्लासात रोज करत असे. म्हटलं, आता नजर हातावर! तुम्ही विणून पाठवलेला तो पिवळा चेंडू, आत घुंगरू असलेला, मी कपाटात वरच्या खणात ठेवला होता (जपून ठेवला होता, विहीणबाई, दुसरा अर्थ काढू नका), तो काढला. गट्टूला सतरंजीवर बसवलं, चेंडू तिच्या पुढ्यात ठेवला आणि म्हटलं, बघ. तिने माझ्याकडे बघितलं, चेंडूकडे निमिषभर बघितलं, आणि मग कोणी न सांगता हनुवटी वर केली. मी पुन्हा चेंडू दाखवला. तिने पुन्हा हनुवटी वर केली. इतकी गुणी विद्यार्थिनी मला उभ्या जन्मात मिळाली नव्हती. आणि विहीणबाई, मला तिथे सतरंजीवर बसून रडू आलं. खोटं कशाला बोलू? ढसाढसा रडले. गट्टू बदक शोधत होती.

पण ते असो. रडणं संपलं की माणसाने उठावं, आणि मी उठले. उठताना पायाचा धक्का लागून चेंडू जो सुटला तो घुंगरू वाजवत थेट कोचाखाली गेला. आणि गट्टूची मान वळली! चेंडू कुठे गेला ते तिने बघितलं, स्वतःच्या डोळ्यांनी, हनुवटी खाली घालून. मी हे वाया जाऊ देणार होते थोडीच? तशीच जमिनीवर आडवी झाले आणि कोचाखाली शिरले. कमरेपर्यंत गेले, चेंडूला बोट लागलं, आणि मग लक्षात आलं की आत जाणं आणि बाहेर येणं ही दोन निराळी कामं आहेत. पुढे भिंत, वर कोचाची फळी, मागे मी. गट्टूला हा प्रकार अतिशय आवडला. ती रांगत माझ्या पायांशी आली आणि माझ्या पायाचा अंगठा धरून ओढायला लागली. (बघून धरला की न बघता, हे मला त्या अवस्थेत कळायला मार्ग नव्हता.) तेवढ्यात तुमचे जावई जेवायला घरी आले. आईचे फक्त पाय दिसताहेत, याचं त्यांना काहीच वाटलं नाही. हातातली हत्यारांची पिशवी शांतपणे खाली ठेवली आणि म्हणाले, "आई, घाबरू नकोस, हातपाय हलवू नकोस, आत भरपूर हवा आहे." लिफ्टमध्ये अडकलेल्या लोकांना ते हेच म्हणतात. मग कोच उचलला. मी चेंडूसकट बाहेर आले, केसांत जळमटं, आणि चेंडू हातातून निसटून सतरंजीवरून घरंगळत चालला. गट्टूने त्याच्यावर डोळे रोखले, जीव खाऊन रांगली आणि दोन्ही हातांनी पकडला. आणि मग एका हातातून दुसऱ्या हातात घेतला, बघत बघत. मी इतक्या जोरात शाब्बास ओरडले की जावयांनी कोच सोडला.

तेव्हापासून रोज हाच खेळ. मी चेंडू सोडते, ती बघते, रांगते, धरते. रीळ एका दांडीला दोरीने टांगलंय, ते झुलतं आणि ती नेम धरून पकडते. भाताची पातेली उपडी घालून तिच्याखाली चमचा लपवते, ती पातेली उचलते आणि चमच्याकडे अशी बघते की जसा काही तिनेच तो तयार केला. पण अंगठा आणि तर्जनी यांची चिमूट काही जुळेना. पंजा तो पंजाच. बारीक वस्तू द्यायची म्हणजे गिळण्याची भीती, त्यामुळे मऊ शिजवलेल्या गाजराचे तुकडे पुढे ठेवायचे. त्यांचा ती पंजाने लगदा करायची आणि लगद्याने मला रंगवायची. मी धीर सोडला नाही. आळशी बोटं मी पुष्कळ बघितली आहेत.

आणि चिमूट जुळली, तीही कशी ऐका. तळमजल्यावरचे काका काल चहाला आले होते. मोठा गोड माणूस, फक्त ऐकू कमी येतं, म्हणून कानात ते छोटंसं यंत्र घालतात, वाटाण्याएवढं, त्याला बाहेर एक बारीक पारदर्शक दोरी. काकांनी गट्टूला कडेवर घेतलं आणि ते मला त्यांच्या नळाच्या गळतीची कथा सांगायला लागले. कथा लांबली. गट्टू त्यांच्या कानाकडे बघायला लागली. बघते, बघते, बघतच राहते. आणि मग, विहीणबाई, तिने बाकीची बोटं अशी मिटून घेतली, अंगठा आणि तर्जनी तेवढी पुढे काढली, सोनाराने चिमट्याने खडा उचलावा तसं ते यंत्र कानातून अलगद उपसलं, डोळ्यांसमोर धरून नीट न्याहाळलं, आणि काकांच्या चहात सोडलं. बघून धरलं, बघून उचललं, बघून पाडलं! तुमच्या बालवाडीचा अख्खा अभ्यासक्रम एका दमात. (यंत्र तोंडात जाईल म्हणून मी झेप घेतली होती, पण ते चहात गेलं याचा मला इतका आनंद झाला की मी काकांचा हातच हातात घेऊन हलवला.) मी ओरडले, शाब्बास! काकांना काही ऐकू आलं नाही. ते नळाचंच सांगत राहिले आणि चहा प्यायला लागले. ते चहातलं यंत्र गाळून, पुसून, आता आमच्या खिडकीत वाळत ठेवलंय. तोवर काकांशी आम्ही हातवाऱ्यांनी बोलतो.

तेव्हा सांगायचा मतलब, गट्टूचे डोळे टकटकीत आहेत, हात चलाख आहे, आणि दोघांचं एकमेकांशी उत्तम जुळलेलं आहे. चिंता नसावी. व्याह्यांना नमस्कार सांगा. गुडघ्याला शेक द्या. आणि पुन्हा सांगते, दगदग करून इकडे येऊ नका, मी समर्थ आहे.

आपली,
गट्टूची इकडची आजी

ता. क. तो पिवळा चेंडू चोखून चोखून भुरकट झालाय आणि घुंगरू एका बाजूने डोकावतंय, म्हणून आजपासून मी तो वर ठेवलाय. सवड झाली तर नवा विणून पाठवाल का? लाल रंगाचा. घुंगरू पक्कं शिवा. आधीच्या चेंडूबद्दल मी तुम्हाला आभाराचं पत्रही टाकलं नव्हतं, ते आत्ता टाकलं असं समजा.

दुसरा ता. क. आता खरं काम लिहिते, कारण वर ते लिहायचं राहूनच गेलं. (राहून गेलं नाही. टाळलं.) ॲप्रनचं मी अजून सूनबाईला सांगितलेलं नाही. डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ जवळ आली, आणि ती बिचारी गट्टूला मांडीवर घेऊन दिव्यासमोर बोट फिरवत बसते. गट्टू आता बोटाकडे बघते, हे मी तिला दाखवते. पण ती म्हणते, आई, तुमच्या मायेला तसं वाटतं. नोकरीवर गेले आणि मुलीकडे दुर्लक्ष झालं, असं तिच्या मनाने घेतलंय. विहीणबाई, तुम्ही तिला सांगाल का? आई आहात तुम्ही तिच्या. तुमच्यावर ती रागावली तर संध्याकाळपर्यंत विसरेल. माझ्यावर रागावली तर गट्टू पाळणाघरात जाईल, आणि मग मी या घरात दिवसभर कोणाची बोटं बघू? सांगताना जरा सावरून सांगा. पद्धत जुनी होती, हेतू चांगला होता, असं काहीतरी. तुम्हाला शब्द सापडतात.

तिसरा ता. क. दुसऱ्यातली विनंती रद्द. वरचं लिहून झालं आणि सूनबाई कामावरून आली. मला यंत्रापाशी बघून म्हणाली, बरं झालं आई, यंत्र बाहेरच आहे. मला एक अर्ज टाईप करून द्या, राजीनाम्याचा. छोटाच आहे, मी सांगते. मी हे पत्र यंत्रातून काढलं, कोरा कागद चढवला, ती सांगायला लागली. तुम्हाला खोटं वाटेल, पण माझी बोटं हललीच नाहीत. जन्मात कधी न बघितलेल्या माझ्या हातांकडे मी खाली मान घालून बघत बसले. आणि मग सांगितलं. ॲप्रन, बदक, हनुवटी, सगळं. सावरून वगैरे काही नाही, होतं तसं सांगितलं. ती रागावली. चांगलीच रागावली. इतके दिवस का थांबलात, एवढंच विचारलं. मग तिने ट्रंकेतून ॲप्रन काढायला लावला आणि तो हातात घेऊन गट्टूसमोर धरला. गट्टूने हनुवटी वर केली आणि गोड हसली, बदक येणार म्हणून. तुमची लेक ॲप्रन मांडीवर घेऊन खाली बसली. आधी रडली, मग हसली, मग दोन्ही एकदम. राजीनाम्याचा कोरा कागद गट्टूने दोन्ही हातांनी धरून उभा फाडला, बघून. आता निकाल ऐका. नोकरी चालू. डोळ्यांची तपासणी ठरल्याप्रमाणे होणार, आणि तिथे डॉक्टरांना सगळी हकिगत मी स्वतः सांगायची. गट्टू माझ्याकडेच राहणार, पण एका अटीवर: तुम्ही इथे महिनाभर येऊन राहायचं आणि मला बालवाडीत घ्यायचं. तेव्हा वर मी दोनदा लिहिलं की तुम्ही येण्याची गरज नाही आणि मी समर्थ आहे, ती वाक्यं नाहीत असं समजा. या. गुडघ्यासाठी काकांकडची तळमजल्यावरची खोली आवरून ठेवली आहे. चेंडू पोस्टाने पाठवू नका, हातानेच आणा.

चौथा ता. क. ह

वर जो एकटाच 'ह' पडलाय, तो माझा नाही. मी हे शेवटचं लिहायला बसले तेव्हा गट्टू मांडीवर होती. तिने कळांकडे बघितलं, बराच वेळ बघितलं, मग बाकीची बोटं मिटली आणि एका बोटाने दाबलं. 'ह' ही कळ डाव्या तर्जनीची आहे, हिने उजव्या तर्जनीने दाबली. म्हणजे हात चुकला, पद्धत चुकली, आणि जागाही चुकली. रबर माझ्या हाताशीच होता. पण मी तो 'ह' तसाच ठेवलाय. तुम्हीही खोडू नका, आणि व्याह्यांना दाखवा. बघून दाबलाय तिने.